ब्राउझर सपोर्ट टर्मिनलवरून तपासायचा असेल तर

नवं सीएसएस फीचर वापरायचं ठरलं की बहुतेक जण कॅनआययूज या, कोणतं फीचर कोणत्या ब्राउझरात चालतं ते दाखवणाऱ्या साइटचं पान उघडतात, हिरवे-लाल चौकोन बघतात, ‘बरंच हिरवं दिसतंय’ म्हणतात आणि कोड लिहायला घेतात. झटपट अंदाजासाठी यात गैर काही नाही. पण त्या चौकोनांना तुमच्या प्रकल्पाबद्दल काहीच ठाऊक नसतं. कोणत्या आवृत्त्या सांभाळायच्या आहेत हे तुम्ही मनात धरलेलं असतं, आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने मनात धरलेलं काही वेगळंच असतं. टर्मिनलवर तपासायला लागलं की ‘कोणासाठी?’ हा भाग एका फाइलमध्ये लिहून ठेवावा लागतो, आणि मग तोच प्रश्न माणसाऐवजी बिल्डसुद्धा (कोडपासून अंतिम फाइली बनवणारी प्रक्रिया) विचारू शकतो. म्हणून या लेखात फीचर शोधण्याआधी सांभाळायच्या ब्राउझरांची यादी येते.

एक सूचना सुरुवातीलाच. इथल्या कमांड आपण एकमेकांना तोंडी सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत करायच्या. डॅश, टिंबं, कंस आणि अवतरणचिन्हं मात्र दाखवली आहेत तशीच ठेवायची.

तयारी

नोड.जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) हवं, त्याच्यासोबत एनपीएम (पॅकेजं उतरवायला) आणि एनपीएक्स (ती थेट चालवायला) येतात. शिवाय कर्ल (फाइली उतरवायला) आणि जेक्यू ही दोन छोटी साधनं हवीत. कर्ल बहुतेक यंत्रांवर आधीच असतं, जेक्यू तुमच्या पॅकेज मॅनेजरमधून घ्या. जेसन फाइलमधून नेमका तुकडा काढायला जेक्यूइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

डेटा कुठून येतो

कोणतंही साधन वापरा, आत डेटा बहुधा तीनपैकी एका ठिकाणचा असतो. कोणतं साधन कुठे अपुरं पडणार, हे यावरूनच ठरतं.

पहिला कॅनआययूजचा. अ‍ॅलेक्सिस डेव्हेरिया यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाचा डेटा गिटहबवर खुला आहे. एनपीएमवर तो दोन रूपांत मिळतो: कॅनआययूज-डीबी हे पूर्ण रूप, आणि कॅनआययूज-लाइट हे दाबून लहान केलेलं. ऑटोप्रीफिक्सर (सीएसएसला ब्राउझरनिहाय उपसर्ग, म्हणजे प्रीफिक्स, जोडणारं), बेबल (नवं जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणारं) वगैरे मंडळी ब्राउझर्सलिस्टमार्फत लाइटवर चालतात. या डेटात फीचर मोठ्या गठ्ठ्यांनी मोजलेली असतात, म्हणजे ‘सीएसएस ग्रिड’ ही एक नोंद. त्यासोबत जगभरच्या वापराची टक्केवारीही असते, ती बाकीच्या दोघांकडे नाही.

दुसरा एमडीएन या वेब डेव्हलपरांच्या संदर्भ-साइटचा ब्राउझर-कॉम्पॅट-डेटा, बोलण्यात बीसीडी. हा फार बारीक आहे. एकेक प्रॉपर्टी, एकेक मेथड, कधीकधी मेथडचा एखादा पॅरामीटरसुद्धा वेगळा नोंदवलेला सापडतो. एमडीएनच्या पानांच्या तळाशी दिसणारे तक्ते याच्यातूनच तयार होतात.

तिसरा वेब-फीचर्स. डब्ल्यूथ्रीसीच्या वेबडीएक्स गटाचं हे काम, आणि ‘बेसलाइन’ ही संकल्पना इथली. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी यांच्या डेस्कटॉप व मोबाइल आवृत्त्यांत फीचर पोहोचलं की ते ‘नव्याने उपलब्ध’ ठरतं. त्यानंतर ३० महिने उलटले की ‘सर्वत्र उपलब्ध’.

आधी यादी: ब्राउझर्सलिस्ट

कोणते ब्राउझर सांभाळायचे ही यादी अटींवरून काढणारं साधन म्हणजे ब्राउझर्सलिस्ट. प्रकल्पाच्या मुळाशी (सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये) जा आणि एवढंच चालवा:

एनपीएक्स ब्राउझर्सलिस्ट

कॉन्फिग (तुमच्या अटींची नोंद) नसेल तर त्याची मूळ व्याख्या लागू होते: ०.५ टक्क्यांहून जास्त वापर, प्रत्येक ब्राउझरच्या शेवटच्या २ आवृत्त्या, फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती, आणि ‘मृत’ ब्राउझर वगळून. ज्याला २४ महिने अधिकृत सपोर्ट किंवा अपडेट मिळालेला नाही तो मृत. ही व्याख्या वाईट नाही, पण ती कोणाच्याच प्रकल्पासाठी बेतलेली नाही. म्हणून पॅकेज.जेसनमध्ये ‘ब्राउझर्सलिस्ट’ नावाची किल्ली घाला, नाहीतर टिंबाने सुरू होणारी .ब्राउझर्सलिस्टआरसी फाइल करा आणि दर ओळीला एक अट लिहा. मला वेगळी फाइल बरी वाटते. तिच्यात टिप्पणी लिहिता येते, आणि ‘ही अट का ठेवली’ हे सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

अट कमांडमध्येच देऊनही बघता येते:

एनपीएक्स ब्राउझर्सलिस्ट "लास्ट २ व्हर्जन्स, नॉट डेड"

अवतरणचिन्हं विसरू नका. ‘> १%’ ही अट उघडी टाकली तर शेल त्या > चिन्हाचा अर्थ ‘आउटपुट फाइलमध्ये टाका’ असा घेतं. पडद्यावर काही उमटत नाही, चूकही दाखवली जात नाही, आणि फोल्डरमध्ये ‘१%’ नावाची एक फाइल मात्र तयार होते.

उत्तरात येणारी नावं सुरुवातीला विचित्र वाटतील. आयओएस_सॅफ म्हणजे आयफोनवरची सफारी, अँड_सीएचआर म्हणजे अँड्रॉइडवरचं क्रोम, ओपी_मिनी म्हणजे ऑपेरा मिनी. आयफोनवरचं क्रोम या यादीत शोधत बसू नका. युरोपीय संघासारख्या काही ठिकाणी २०२४ पासून मिळालेली सवलत सोडली तर आयओएसवर सगळ्या ब्राउझरांना वेबकिट इंजिनच वापरावं लागतं, त्यामुळे तिथला प्रश्न आयओएस_सॅफवरच सुटतो.

आणखी एक खाच अँड_सीएचआरची. कॅनआययूज अँड्रॉइड क्रोमची फक्त ताजी आवृत्ती ठेवतं. म्हणून ‘शेवटच्या २ आवृत्त्या’ मागितल्या तरी त्याची एकच येते. जुने फोन सांभाळायचे असतील तर --मोबाइल-टू-डेस्कटॉप हा फ्लॅग जोडा. मग मोबाइल क्रोमच्या आवृत्त्या डेस्कटॉप क्रोमच्या डेटावरून काढल्या जातात.

यादी ठरली की ती किती लोकांना पुरते ते बघा:

एनपीएक्स ब्राउझर्सलिस्ट --कव्हरेज

फ्लॅगला बरोबरचं चिन्ह लावून देशाचा दोन अक्षरी कोड दिलात तर त्या देशापुरती टक्केवारी मिळते. हा आकडा जपून वापरा. तो सर्वसाधारण वेब वापराचा असतो, तुमच्या साइटचा नाही. तुमच्याकडे अ‍ॅनालिटिक्स असेल तर त्याचा सारांश ब्राउझर्सलिस्ट-स्टॅट्स.जेसन या फाइलमध्ये ठेवून "> १% इन माय स्टॅट्स" अशी अट लिहिता येते. थोडी खटपट आहे, पण कंपनीच्या आतल्या वापराचं किंवा ठरावीक उपकरणांवर चालणारं काही बनवत असाल तर जगाच्या सरासरीला काहीच अर्थ उरत नाही.

नव्या ब्राउझर्सलिस्टमध्ये बेसलाइनच्या अटीही चालतात, उदाहरणार्थ "बेसलाइन वाइडली अव्हेलेबल". टीममध्ये टक्केवारीवरून वाद घालायला कोणाला वेळ नसेल तर ही अट घ्या आणि पुढे चला.

एका फीचरबद्दल पटकन विचारणं

यासाठी ब्रामस यांचं कॅनआययूज-सीएलआय चांगलं आहे. पॅकेजचं नाव ॲट-चिन्हाने सुरू होतं, तसंच लिहा:

एनपीएम इन्स्टॉल -जी @ब्रामस/कॅनआययूज-सीएलआय

मग

कॅनआययूज सीएसएस-हॅज

एवढं म्हटलं की :हॅज() सिलेक्टरचा तक्ता टर्मिनलमध्ये उमटतो. फीचरचं नाव म्हणजे कॅनआययूजच्या पत्त्यात शेवटी दिसणारा तुकडा: सीएसएस-ग्रिड, फ्लेक्सबॉक्स-गॅप, सीएसएस-कंटेनर-क्वेरीज, असे. एनपीएमवर मिळत्याजुळत्या नावांची पॅकेजं बरीच आहेत आणि त्यांतली काही वर्षानुवर्षं पडून आहेत, तेव्हा इन्स्टॉल करण्याआधी शेवटचं प्रकाशन कधीचं आहे तेवढं बघून घ्या.

साधन न टाकता कच्चा डेटा वाचायचा असेल तर फायर्ड/कॅनआययूज या गिटहब भांडारातली डेटा.जेसन फाइल कर्लने उतरवा आणि जेक्यूला विचारा:

जेक्यू '.डेटा["सीएसएस-हॅज"].स्टॅट्स.फायरफॉक्स' डेटा.जेसन

चौकोनी कंस आणि अवतरणं इथे शोभेसाठी नाहीत. नावात डॅश आहे, आणि ते उघडं लिहिलं तर जेक्यू त्याला वजाबाकी समजतं. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर एकेरी अवतरणं चालत नाहीत. तिथे फिल्टर वेगळ्या फाइलमध्ये लिहून -एफ फ्लॅगने दिलेलं सोपं.

उत्तरात प्रत्येक आवृत्तीसमोर अक्षरं दिसतात. वाय म्हणजे चालतं, एन म्हणजे नाही, ए म्हणजे अर्धवट, यू म्हणजे माहिती नाही, पी म्हणजे मुळात नाही पण पॉलीफिल (ती उणीव भरून काढणारा वेगळा कोड) आहे. एक्स असेल तर प्रीफिक्स लागतो, डी असेल तर फीचर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेलं आहे. हॅश आणि आकडा म्हणजे तळटीप. सगळ्यात जास्त फसवणारं अक्षर ए. इंटरनेट एक्सप्लोरर १० आणि ११ समोर सीएसएस ग्रिडसाठी ए आणि एक्स दिसतात. म्हणजे तिथे प्रीफिक्ससह ग्रिडचा जुना आराखडा होता, आज आपण लिहितो ते ग्रिड नव्हे. म्हणून ए दिसला की तळटीप वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नका. ती .नोट्स_बाय_नम या किल्लीखाली असते.

बारकाव्यासाठी बीसीडी

कॅनआययूजचं उत्तर गठ्ठ्याचं असतं हे वर आलंच. नेमकी प्रॉपर्टी किंवा मेथड तपासायची तर बीसीडी प्रकल्पात घ्या:

एनपीएम इन्स्टॉल --सेव्ह-डेव्ह @एमडीएन/ब्राउझर-कॉम्पॅट-डेटा

नंतर नोड_मॉड्यूल्समधल्या त्याच्या डेटा.जेसनवर जेक्यू चालवा. :हॅज() साठीचा मार्ग असा:

.सीएसएस.सिलेक्टर्स.हॅज.__कॉम्पॅट.सपोर्ट

कॉम्पॅटच्या आधी दोन अंडरस्कोअर आहेत. इन्स्टॉल नको असेल तर अनपीकेजी या, एनपीएम पॅकेजांतल्या फाइली थेट देणाऱ्या सेवेच्या पत्त्यावरून हीच फाइल कर्लने आणता येते, पण -एल फ्लॅग द्या. अनपीकेजी आधी नेमक्या आवृत्तीच्या पत्त्याकडे वळवतं, आणि -एल नसेल तर जेक्यूच्या हाती डेटाऐवजी भलतंच काही पडतं.

:हॅज() चं उत्तर बघण्यासारखं आहे. सफारीत ते १५.४ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून आहे. क्रोममध्ये १०५ पासून, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. फायरफॉक्समध्ये मात्र १२१ पासून, डिसेंबर २०२३ मध्ये. ‘सफारी नेहमी मागे’ असं समजून फक्त सफारी तपासणाऱ्याला इथे उलटं चित्र दिसतं.

आता व्हर्जन_अ‍ॅडेड या किल्लीबद्दल, कारण स्क्रिप्ट लिहिणारे इथेच अडखळतात. तिथे आकडा असेल असं गृहीत धरू नका. किंमत अवतरणांतली अक्षरमाला असते, त्यामुळे सरळ तुलना केली तर "९" हा "१०५" पेक्षा मोठा ठरतो. कधी तिथे फॉल्स असतं, कधी ‘प्रिव्ह्यू’, म्हणजे फीचर फक्त चाचणीच्या आवृत्तीत आहे. कधी आकड्याच्या आधी ≤ हे चिन्ह असतं: निदान या आवृत्तीपासून आहे, नेमकी सुरुवात नोंदलेली नाही. शिवाय ब्राउझरसमोर कधी एक ऑब्जेक्ट असतो तर कधी त्यांची रांग. प्रीफिक्ससह सपोर्ट आधी आला आणि बिनप्रीफिक्सचा नंतर, तर दोन्ही नोंदी रांगेत असतात. आणि फ्लॅग्ज किंवा पार्शियल_इम्प्लिमेंटेशन या किल्ल्या त्याच ऑब्जेक्टमध्ये असतील तर आवृत्तीचा आकडा दिसूनही सर्वसामान्य वापरकर्त्यासाठी फीचर तिथे नाही, किंवा अर्धं आहे. स्क्रिप्टमध्ये या दोन्ही किल्ल्या तपासणं मी टाळणार नाही.

ब्राउझरांची नावंही दोन्ही डेटांत वेगळी आहेत. कॅनआययूजचं आयओएस_सॅफ इथे सफारी_आयओएस होतं आणि अँड_सीएचआर इथे क्रोम_अँड्रॉइड. दोन डेटा जोडणारं काही लिहीत असाल तर आधी हा नावांचा तक्ता करा.

बेसलाइनची स्थिती हवी असेल तर वेब-फीचर्स पॅकेज घ्या आणि त्याच्या डेटा.जेसनमध्ये .फीचर्स.डायलॉग.स्टेटस बघा. डायलॉग एलिमेंट क्रोममध्ये ३७ पासून, म्हणजे २०१४ पासून होता. फायरफॉक्स ९८ आणि सफारी १५.४ मध्ये तो मार्च २०२२ ला आला. म्हणून त्याची ‘नव्याने उपलब्ध’ तारीख मार्च २०२२ आणि ‘सर्वत्र उपलब्ध’ तारीख सप्टेंबर २०२४. डेटात या स्थितीला ‘लो’ आणि ‘हाय’ म्हणतात, आणि बेसलाइनमध्ये नसलेल्या फीचरसमोर फॉल्स असतं.

यादी आणि फीचर एकत्र

आता खरा प्रश्न विचारता येतो: माझ्या यादीतल्या कोणत्या ब्राउझरात हे चालणार नाही?

एनपीएक्स ब्राउझर्सलिस्ट "डिफॉल्ट्स, नॉट फुली सपोर्ट्स सीएसएस-हॅज"

इथे ‘डिफॉल्ट्स’च्या जागी तुमची अट टाका. उरलेली यादी म्हणजे ज्यांच्यासाठी पर्याय लिहावा लागेल ते ब्राउझर. काहीच उरलं नाही तर वाट मोकळी. ‘फुली’ शब्द मुद्दाम घातला आहे: नुसतं ‘सपोर्ट्स’ म्हटलं तर अर्धवट सपोर्टही चालतो असं धरलं जातं, आणि ए अक्षराची सगळी भानगड परत मागच्या दाराने आत येते.

याच अटीला --कव्हरेज जोडा. आता आलेला आकडा बाहेर पडणाऱ्या लोकांचा आहे. बैठकीत ‘काही लोकांना दिसणार नाही’ यापेक्षा हा आकडा आणि ही यादी ठेवलेली बरी. मग चर्चा निदान एकाच गोष्टीवर होते. ऑपेरा मिनी इथे पुन्हा पुन्हा डोकं वर काढेल. तो पान बऱ्याच अंशी सर्व्हरवर तयार करून पाठवतो, त्यामुळे नव्या फीचरांच्या बाबतीत त्याच्यासमोर बहुधा ‘नाही’च असतं. त्याला यादीत ठेवायचं की साधं पण वाचता येईल असं पान देऊन बाहेर काढायचं, हे एकदाच ठरवा आणि कॉन्फिगमध्ये टिप्पणीसह लिहा.

कोडवर पहारा

दर वेळी आठवणीने विचारणं कोणाला जमत नाही, तेव्हा हे काम लिंटरकडे, म्हणजे कोड न चालवता तपासणाऱ्या साधनाकडे, द्या. सीएसएससाठी डूआययूज हे साधन फाइल वाचून त्यातली न चालणारी फीचर सांगतं:

एनपीएक्स डूआययूज --ब्राउझर्स "लास्ट २ व्हर्जन्स" मेन.सीएसएस

कायमच्या पहाऱ्यासाठी स्टाइललिंट (सीएसएसचा लिंटर) आणि त्याचं नो-अनसपोर्टेड-ब्राउझर-फीचर्स हे प्लगइन घ्या. आत डूआययूजच आहे, पण ते तुमची ब्राउझर्सलिस्ट आपोआप वाचतं आणि चूक सापडली तर कमांड अपयशी ठरते, म्हणजे सीआयमध्ये (कोड पाठवला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) बिल्ड थांबतो. जुन्या प्रकल्पावर पहिल्यांदा चालवाल तेव्हा इशाऱ्यांचा ढीग पडेल. घाबरून प्लगइन काढू नका. आधी सगळं इशारा पातळीवर ठेवा, जाणूनबुजून वापरलेली फीचर ‘इग्नोर’ यादीत टाका, आणि मगच ते ‘एरर’ पातळीवर न्या. बेसलाइनवर चालणाऱ्यांना ईएसलिंटच्या सीएसएस प्लगइनमध्ये यूज-बेसलाइन हा नियम तयार मिळतो.

जावास्क्रिप्टला दोन वेगळे पहारेकरी लागतात. फेच किंवा इंटरसेक्शनऑब्झर्व्हर यांसारख्या एपीआयसाठी ईएसलिंट-प्लगइन-कॉम्पॅट. वाक्यरचनेसाठी ईएस-चेक, आणि ते बिल्ड झालेल्या फाइलींवर चालवा, मूळ कोडवर नाही:

एनपीएक्स ईएस-चेक ईएस२०१८ './डिस्ट/*.जेएस'

मूळ कोड बेबलने बदलून घेतला तरी नोड_मॉड्यूल्समधल्या एखाद्या पॅकेजचा आधुनिक कोड जसाच्या तसा बंडलमध्ये उतरू शकतो, आणि तो फक्त इथेच पकडला जातो.

या पहाऱ्यात भोकं आहेत. कोणत्यातरी व्हेरिएबलवर .ॲट() मेथड बोलावली तर ते व्हेरिएबल ॲरे आहे की तुमचाच एखादा ऑब्जेक्ट, हे लिंटरला कळत नाही, त्यामुळे अशा मेथड सहसा निसटतात. चालू असताना जावास्क्रिप्टने तयार केलेलं सीएसएसही कोणी तपासत नाही.

ब्राउझरलाच विचारा

डेटा माणसांनी भरलेला असतो. शंका आली तर थेट ब्राउझरला विचारता येतं. एका छोट्या एचटीएमएल फाइलमध्ये स्क्रिप्ट टॅग घाला आणि सीएसएस.सपोर्ट्स('सिलेक्टर(:हॅज(ए))') चं उत्तर डॉक्युमेंट.राइटने पानावर लिहा. ‘सीएसएस’ इथे मोठ्या अक्षरांत. मग क्रोम --हेडलेस --डम्प-डॉम असं म्हणून पुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. पडद्यावर ट्रू किंवा फॉल्स येईल. एकाच वेळी तीन इंजिनं हवी असतील तर प्लेराइट (स्क्रिप्टने ब्राउझर चालवणारं साधन) क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट उतरवून देतं. त्याचं वेबकिट म्हणजे हुबेहूब सफारी नव्हे. व्हिडिओ आणि ऑडिओच्या फॉरमॅटबाबत तर अजिबात विसंबू नका.

ब्राउझरचं उत्तरही प्रश्नापुरतंच खरं. फ्लेक्सबॉक्समध्ये गॅप चालतो का, हे सीएसएस.सपोर्ट्सला विचारता येत नाही, कारण ते फक्त प्रॉपर्टी आणि किंमत ओळखतं. ग्रिडमध्ये गॅप ओळखणारी पण फ्लेक्समध्ये न लावणारी जुनी सफारीसुद्धा ‘ट्रू’ म्हणते. फ्लेक्समधला गॅप सफारीत १४.१ पासून आला. असं असेल तर गॅप दिलेला फ्लेक्स डबा पानावर खरोखर बनवून त्याची उंची मोजायची, किंवा सरळ फ्लेक्सबॉक्स-गॅपची नोंद बघायची.

डेटा शिळा होऊ देऊ नका

कॅनआययूज-लाइट तुमच्या लॉक फाइलमध्ये (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) गोठलेलं असतं. डेटा वर्षभर जुना असेल तर ‘शेवटच्या २ आवृत्त्या’ म्हणजे वर्षापूर्वीच्या दोन. डेटा सहा महिन्यांहून जुना झाला की ब्राउझर्सलिस्ट बिल्डच्या वेळी इशारा देतं, आणि तो इशारा बहुतेक ठिकाणी वाचलाच जात नाही. प्रकल्पात लाइटच्या किती प्रती शिरल्या आहेत ते ‘एनपीएम एलएस कॅनआययूज-लाइट’ने दिसतं, दोन प्रती असतील तर ऑटोप्रीफिक्सर आणि बेबल वेगवेगळ्या जगासाठी काम करत असू शकतात.

अपडेट असा करा:

एनपीएक्स अपडेट-ब्राउझर्सलिस्ट-डीबी@लेटेस्ट

लॉक फाइलमधली नोंद बदलते आणि तुमच्या यादीत कोणत्या आवृत्त्या आल्या, कोणत्या गेल्या ते अधिक-उणे चिन्हांसह छापलं जातं. हा बदल वेगळ्या कमिटमध्ये टाका आणि छापलेला मजकूर कमिटच्या संदेशात चिकटवा. उणे चिन्हाच्या ओळीत एखाद्या ब्राउझरची तुम्ही सांभाळत असलेली सर्वात जुनी आवृत्ती गेलेली दिसली, तर ‘यादी आणि फीचर एकत्र’ या भागातली ‘नॉट फुली सपोर्ट्स’ची कमांड पुन्हा चालवा. जिच्यासाठी पॉलीफिल ठेवलं होतं ती आवृत्तीच आता यादीत नसेल, तर ते पॉलीफिल त्याच दिवशी काढता येतं.